विहिरीतल्या मुलीला वर काढण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
गोष्टीवन बालउद्यान,
बारवी धरण रस्ता, बदलापूर.

अर्जदार: श्रीमती मोतीबाई बुधाजी तरे, वय ७४, राहणार अंबरनाथ.

विषय: गोष्टीवनातील जागा क्रमांक नऊ येथील गोष्ट मध्येच थांबल्यामुळे मुलगी तीन हंगाम विहिरीच्या तळाशी राहिली आहे. तिला वर काढण्याची, म्हणजेच गोष्ट पुरी करण्याची, परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज, डिसेंबर २०२३. २) अर्जदाराचा दुसरा अर्ज, नोव्हेंबर २०२४. ३) दोन्ही अर्जांवरील आपल्या कार्यालयाची उत्तरे.

महोदय,

आपल्या कार्यालयातील लेखनिक मिलिंद यांनी मागचा अर्ज परत देताना सांगितले होते, "मावशी, यात नुसतं मी-मी झालंय. अर्जात 'अर्जदार' लिहायचं असतं." त्याप्रमाणे या वेळी सगळीकडे अर्जदार असे लिहिले आहे. तरीही हा अर्ज परत आला, तर निदान त्या कारणाने येणार नाही.

१. आपण या जागेवर नवीन आहात, म्हणून आधी थोडी ओळख. गोष्टीवन पूर्वीपासून दिवाळीला उघडते आणि होळीला बंद होते, कारण पावसाळ्यात तिथे चिखल आणि उन्हाळ्यात सावली नाही. जुन्या काळी आत बारा गोष्टींच्या बारा जागा होत्या आणि प्रत्येक जागेवर एक बाई बसत असे. तिला गोष्टवाली म्हणत. मुले येऊन सतरंजीवर बसली की बाई गोष्ट सांगायची. अर्जदार नवव्या जागेवर सलग बावीस हंगाम बसली. सहाव्या जागेवर इंदुबाई होत्या, ज्या आज अर्जदाराच्या शेजारीच राहतात आणि हा अर्ज लिहिताना समोर बसून शेंगा सोलत आहेत. पुढे बाग बंद पडली. नव्या व्यवस्थापनाने २०२३ च्या दिवाळीत ती पुन्हा उघडली. गोष्टवाल्यांच्या जागी खांबावर भोंगे बसवले आणि आमचे आवाज मशीनमध्ये भरून घेतले. बाग उघडली याचा अर्जदाराला मनापासून आनंद झाला. तक्रार उघडण्याबद्दल नाही.

२. नववी गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. अर्जदाराच्या सासूबाई गोजरबाई ती सांगत आणि त्यांना त्यांच्या आईने सांगितली होती. ती अशी. एका गावाची विहीर आटली. जाणत्या म्हातारीने सांगितले, पाणी आटलेले नाही, रुसलेले आहे. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेराहून कुणी न्यायला गेले नाही की ती रुसते, तसे. आता कुणीतरी मुऱ्हाळी होऊन खाली जायला हवे आणि पाण्याला माहेरी चल म्हणून बोलवायला हवे. गावातले पुरुष म्हणाले, आम्हाला शेताची कामे आहेत. पोरगे म्हणाले, आम्हाला भीती वाटते. शेवटी भाऊ नसलेली एक सात वर्षांची मुलगी उठली. म्हणाली, मला न्यायला कधी कुणी येणार नाही, तर मी तरी कुणाला तरी न्यायला जाते. तिने भाकरीची पुरचुंडी बांधली, कमरेला दोर बांधला आणि ती खाली उतरली. अर्ध्यात दोर तुटला. ती तळाशी पोचली. तिथे काळोख आणि एक ओली फट. तिने फटीशी तोंड नेऊन विचारले, "बाई गं, येतेस का माहेरी?"

३. महोदय, या जागी गोष्टवाली थांबते. तशीच ती गोष्ट आहे. एरवीही आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचे असते, हूं थांबला की सांगणारी थांबते. पण या प्रश्नाला हूं चालत नाही. इथे ऐकणाऱ्या सगळ्या मुलांनी पाण्याच्या वतीने ओरडायचे असते, "येते!" मुले ओरडली की गोष्टवाली हाताशी असलेला नळ सोडायची, सिमेंटच्या विहिरीत पाणी चढायचे आणि तळाशी बसवलेली मुलगी त्याच्यावर तरंगत वर यायची. दिनानाथ सुतारांनी ती पांगाऱ्याच्या लाकडात कोरली आहे, आणि पांगारा किती हलका असतो हे आपल्याला माहीत असेलच. मुले हळू ओरडली तर अर्जदार नळ सोडत नसे. एकदा एका शाळेच्या मुलांना तिने चार वेळा ओरडायला लावले होते आणि त्यांच्या बाईंनी कानावर हात ठेवले होते.

४. आता चूक कुठे झाली ते. दिनांक १२ सप्टेंबर २०२३ रोजी अर्जदाराला ध्वनिमुद्रणासाठी बोलावले. भिंतींना गाद्या लावलेली बंद खोली. काचेपलीकडे आवाजाचे कंत्राटदार विनीत, कानाला यंत्र लावून. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराने त्याला आधीच विचारले, "हूं कोण देणार?" तो म्हणाला, "आजी, मी हूं म्हटलं तर तेही रेकॉर्ड होईल. मी मान हलवतो, तुम्ही माझ्याकडे बघून सांगा." त्याप्रमाणे त्याने मान हलवली आणि अर्जदाराने सांगितले. पाण्याला विचारायची जागा आली. अर्जदाराने विचारले आणि ती थांबली. विनीत खाली मशीनकडे बघत होता. अर्जदार थांबूनच राहिली, कारण उत्तर आल्याशिवाय पुढे जायची तिला बावीस हंगामांत सवय नव्हती आणि सासूबाईंची ताकीदही होती. तेवढ्यात विनीतने कानाचे यंत्र काढले आणि म्हणाला, "एकदम टायमिंगमध्ये बसलं, आजी! तीन मिनिटं चाळीस सेकंद." अर्जदाराला वाटले, हा चहासाठी थांबला. चहा झाला. मग शाल आणि नारळ दिला, एका कागदावर सही घेतली आणि रिक्षात बसवून दिले. अर्जदाराला वाटले, उरलेला भाग मुले बोलावून विहिरीपाशी भरून घेणार असतील. घरी जाऊन तिने सुनेला तसे सांगितलेही. विचारायला हवे होते, ते तिने विचारले नाही. एवढी चूक अर्जदाराची आहे आणि ती तिला मान्य आहे.

५. दिवाळीत बाग उघडली त्या दिवशी अर्जदार नात भाविकाला घेऊन गेली. नवव्या जागेवर गर्दी होती. भोंग्यातून अर्जदाराचा आवाज आला, मुले शांत झाली, मुलगी विहिरीत उतरली, दोर तुटला, "बाई गं, येतेस का माहेरी?" आणि भोंगा बंद. मुले वर भोंग्याकडे बघत राहिली. मग खाली विहिरीत बघू लागली. विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप, नळ सीलबंद, तळाशी ती मुलगी, तिच्या डोक्यावर वाळकी पाने. एका लहानग्याने वडिलांना विचारले, "पप्पा, ती मेली का?" वडील म्हणाले, "चल, पुढे डायनासोर आहे." डायनासोर कोणत्या गोष्टीत आहे हे अर्जदाराला माहीत नाही, पण तो आता दहाव्या जागेवर आहे.

६. पहिल्या अर्जाला उत्तर आले की आपली भोंग्याबाबतची तक्रार विद्युत विभागाकडे पाठवली आहे. विद्युत विभागाच्या माणसाने येऊन भोंगा तपासला आणि तो उत्तम चालू असल्याचा शेरा मारला. त्याचा आवाजही वाढवून दिला. आता मुलगी दुप्पट मोठ्या आवाजात विहिरीत राहते.

७. दुसऱ्या अर्जानंतर कार्यालयाने विचार केला, हे खरे. मुले जाळीतून बिस्किटे, वेफर्स, एकदा तर अर्धा वडापाव खाली टाकत होती, कारण मुलगी उपाशी असेल असे त्यांना वाटत होते. त्यावर उपाय म्हणून कार्यालयाने गोष्टीच्या शेवटी एका बाईंच्या आवाजात सूचना जोडली. त्यामुळे सध्या नववी गोष्ट अशी संपते: "बाई गं, येतेस का माहेरी?" थोडी शांतता. मग, "मुलांनो, विहिरीजवळ खेळणे धोक्याचे आहे. विहिरीत खाद्यपदार्थ टाकू नका. धन्यवाद." महोदय, आपण स्वतः मूल असल्याची कल्पना करून हे एकदा ऐकावे. सगळ्या गावात एकटी जी धीटपणे उतरली, ती आगाऊपणा करून विहिरीत पडली असेच कुणालाही वाटेल.

८. याचे परिणाम अर्जदाराला भोगावे लागतात. मागच्या महिन्यात अर्जदार ब्लाउजचे कापड घ्यायला उल्हासनगरला गेली होती. दुकानात तिने नुसता रंग विचारला, तर शेजारच्या सिंधी बाई एकदम वळल्या. "ये तो वही आवाज है! माई, आप वो कुएँवाली हो ना? मेरा लड़का तीन दिन बाल्टी में हाथ नहीं डालता था. छोटी बच्ची को ऐसे छोड़ देते हैं क्या?" अर्जदार म्हणाली, मी नाही सोडली, गोष्ट अजून आहे पुढे. तर त्या म्हणाल्या, "तो बोलो ना आगे! किसके लिए रखा है?" दुकानदारानेही मापाची पट्टी खाली ठेवली आणि तो ऐकायला थांबला. अर्जदाराने त्या दुकानात उभ्या उभ्या गोष्ट पुरी केली. "येते" म्हणायला त्या बाईंना शिकवावे लागले, पण त्या खणखणीत ओरडल्या. तेव्हा निदान उल्हासनगरच्या एका मुलाच्या घरी तरी ती मुलगी वर आली आहे. बाकीच्यांचे काय?

९. यानंतर अर्जदार आपल्या आधीच्या साहेबांना प्रत्यक्ष भेटली. त्यांनी फाइल मागवली. फाइलमध्ये १२ सप्टेंबरचा कागद निघाला: "ध्वनिमुद्रण पूर्ण झाले", खाली अर्जदाराची सही. साहेब म्हणाले, "हे बघा बाई, कागदोपत्री गोष्ट पूर्ण आहे. अपूर्ण आहे याला पुरावा काय?" अर्जदार म्हणाली, मुलगी खाली आहे हाच पुरावा. साहेब म्हणाले, "छापील पुस्तकाचा संदर्भ द्या, किंवा शेवट ऐकलेले दोन साक्षीदार आणा." इंदुबाईंना नेले, तर त्या सहाव्या जागेच्या असल्याने नवव्या गोष्टीबाबत त्यांची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही असे सांगितले. इंदुबाई तिथेच म्हणाल्या, "बावीस वर्षं हिच्या पोरांचा आरडाओरडा ऐकून माझी गोष्ट बुडाली, आणि मी साक्षीदार नाही?" हे वाक्य कार्यालयाच्या टिपणात घेतलेले नाही. घ्यावे.

१०. मग असे सांगण्यात आले की हंगाम चालू असताना मशीन उघडता येत नाही. अर्जदार म्हणाली, मग होळीनंतर भरा. तर होळीनंतर कंत्राटदाराची मुदत संपते आणि मशीन कुलूपबंद होते. नवा करार दिवाळीच्या तोंडावर होतो, आणि तेव्हा लगेच हंगाम चालू होतो. म्हणजे ज्या काळात गोष्ट पुरी करता येईल, असा काळ आपल्या वर्षात नाही. अर्जदाराने कॅलेंडर समोर धरून पुष्कळ शोधला.

११. विनीत स्वतःहून घरी आला. त्याला वाईट वाटले होते. म्हणाला, "आजी, टेन्शन घेऊ नका. पहिल्या भागावरून कॉम्प्युटर तुमचाच आवाज बनवतो. शेवट लिहून द्या, तो बोलेल." त्याने मोबाइलवर ऐकवले. आवाज अर्जदाराचाच होता. नात म्हणाली, हुबेहूब. पण त्याने "येतेस का माहेरी" आणि "येते" हे एका दमात म्हणून टाकले. पाण्याला विचारले कुणी आणि उत्तर दिले कुणी, काही कळेना. अर्जदाराच्या आवाजाला थांबता येत नव्हते, कारण समोर कुणी आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. अर्जदाराने विनीतला चहा पाजला आणि तो शेवट नको म्हणून सांगितले.

१२. आता या अर्जाची घाई का, ते. अर्जदाराच्या घशात गाठ आहे. दिनांक १७ फेब्रुवारीला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितले, जिवाला धोका नाही, पण आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येत नाही, कदाचित पुष्कळ महिने कुजबुजच राहील. या कामासाठी अर्जदाराने ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले. त्यावरून रागावून भाविका आता अर्जदाराशी बोलत नाही. परवा एवढेच म्हणाली, "आजी, ती लाकडाची आहे गं." ते अर्जदारालाही माहीत आहे. पण ज्या मुलांनी ती खाली बघितली, ती लाकडाची नाहीत. या तीन हंगामांत किती मुले येऊन गेली असतील? त्यांतली काही आता मोठी होतील आणि आपल्या मुलांना सांगतील की एक मुलगी होती, ती चांगल्या कामाला गेली आणि तिला कुणी वर काढले नाही. गोष्ट अशीच पुढे जाईल. गोजरबाई म्हणत, "अर्धी गोष्ट टाकू नको गो, मागून येणारे तिलाच पुरी समजतात." अर्जदाराला दुसरी भीती नाही, ही आहे.

१३. केवळ कार्यालयाच्या माहितीसाठी शेवट येथे लिहीत आहे. लिहून दिला म्हणून सांगून झाला असे कृपया समजू नये. मुलगी विचारते, मुले म्हणतात, येते. फटीतून पाणी येते. ते मुलीच्या पावलांना लागते आणि विचारते, इतक्या वर्षांनी माझी आठवण कशी झाली? मुलगी म्हणते, आम्हाला तहान लागली तेव्हा झाली, खोटे कशाला बोलू. पाणी हसते. म्हणते, खरे बोललीस म्हणून येते, पण तुझा दोर तर तुटला, तू कशी जाणार? मुलगी म्हणते, मला ठाऊक नाही, मी फक्त न्यायला आले होते. तेव्हा पाणी म्हणते, मग तू मला नेऊ नकोस, मीच तुला नेते. आणि ते तिला खांद्यावर घेऊन चढत चढत विहिरीच्या काठापर्यंत येते. गाव दोर वळत बसलेले असते. कुणी वर बघायच्या आत ती काठावर पाय टाकून उभी असते, आणि तिची पुरचुंडी कोरडी असते.

१४. सबब विनंती की:

(क) रविवार दिनांक ८ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता अर्जदारास नवव्या जागेवर उरलेली गोष्ट तोंडी सांगण्याची परवानगी द्यावी. पुढचा रविवार चालणार नाही. त्या दिवशी महाशिवरात्र आहे, आणि यात्रेमुळे अंबरनाथातून रिक्षा निघणे मुश्कील.

(ख) विनीत यांना मशीन घेऊन त्याच वेळी विहिरीपाशी उभे करावे. समोर मुले असू द्यावीत आणि त्यांचा आवाजही भरावा. मशीन हंगामात उघडता येत नसेल, तर न उघडता नुसते बाजूला ठेवावे. निदान विनीतने मोबाइलवर तरी भरून घ्यावे, तो तयार आहे.

(ग) विहिरीजवळ न खेळण्याची सूचना काढावी. ठेवायचीच असेल तर डायनासोरपाशी लावावी.

(घ) नळाचे सील काढावे आणि जाळीचे कुलूप उघडावे.

१५. या अर्जाला उत्तर यायला पूर्वीप्रमाणे दोन महिने लागले, तर होळी होऊन बाग बंद झालेली असेल आणि अर्जदाराकडे आवाजही नसेल. म्हणून नम्रपणे कळवत आहे की उत्तर आले नाही तरी अर्जदार रविवारी तिकीट काढून येणार आहे. सोबत इंदुबाई, भाविका (अबोला असला तरी येते म्हणाली) आणि उल्हासनगरच्या त्या बाई मुलासह येणार आहेत. भोंग्यातली गोष्ट "येतेस का माहेरी" पर्यंत येऊ द्यावी, तिथे तो बंद होतोच. पुढचे अर्जदार सांगेल. सूचना वाजली तर इंदुबाई तिच्यावरून ओरडणार आहेत आणि त्यांना थांबवणे अर्जदाराच्या हातात नाही.

नळ बंदच असला, तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून विहिरीपर्यंत मुलांची रांग लावू. ती विहीर पन्नास कळशांत भरते, अर्जदाराने पूर्वी मोजलेले आहे. मुलांना पाणी वाहायला आवडते. जाळीला कुलूप असले, तरी पाणी जाळीतून जाते. मुलगी जाळीला येऊन टेकेल. मग मुलांना जाळीतून बोट घालून तिच्या डोक्यावरची पाने काढता येतील आणि तिचा चेहरा दिसेल. हसरा आहे. तळाशी असताना तो कधीच दिसत नाही, त्यामुळे आपल्या कार्यालयातही तो कुणी पाहिलेला नसावा.

तेवढ्यावरही अर्जदाराचे समाधान होईल. पण गोष्टीत ती काठावर पाय टाकते. तेव्हा कुलूप उघडावे, ही विनंती.

आपल्या बागेत नववी जागा सांभाळलेली,

(सही)
मोतीबाई बुधाजी तरे

अंबरनाथ, दिनांक २ फेब्रुवारी २०२६

सोबत:
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) विहीर भरलेली आणि मुलगी काठाला लागलेली असतानाचा जुना फोटो. मागे उभी अर्जदार. फोटो परत मिळावा.
३) इंदुबाईंची लेखी साक्ष, पाने तीन. अर्जदाराने वाचलेली नाही.

प्रत, माहितीसाठी व कुलुपाच्या किल्लीसाठी: चंदू, पहारेकरी, मुख्य दरवाजा.